हमी 125 दिवसांची, भार कोणाच्या तिजोरीवर? जबलपूरच्या गावांतून दिसणारा रोजगाराचा नवा हिशेब

जबलपूर : गावात मागेल त्याला काम देण्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा आणि कोणते काम काढायचे हे कोणी ठरवायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे देशात वीस वर्षांनंतर बदलली आहेत. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेणाऱ्या ‘विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ या विधेयकाला संसदेने 18 डिसेंबर 2025 रोजी मंजुरी दिली आणि 21 डिसेंबर रोजी त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. ‘जी राम जी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने वर्षाला 100 दिवसांची हमी 125 दिवसांवर नेली. त्याच वेळी केंद्र आणि राज्य यांच्यातील खर्चाची वाटणी, निधी ठरवण्याची रीत आणि कामांचे नियोजन या तिन्ही गोष्टी मुळापासून बदलल्या.

हे विधेयक मांडणारे केंद्रीय ग्रामविकास मंत्री शिवराजसिंह चौहान ज्या राज्याचे दीर्घकाळ मुख्यमंत्री होते, त्या मध्य प्रदेशात या बदलाचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे दिसतो. त्यातही जबलपूर जिल्हा अभ्यासण्याजोगा आहे. एकाच जिल्ह्यात सुपीक, सिंचित मैदान आणि कोरडवाहू आदिवासी पठार असे दोन निराळे प्रदेश येथे नांदतात. शासनाचा पैसा सरासरी पाहून वाटला, तर कोणाच्या वाट्याला काय येते, हे येथे पडताळून पाहता येते.

एका जिल्ह्यातील दोन प्रदेश

नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेले आणि पुढे मध्य प्रांताचा भाग म्हणून नागपूरशी प्रशासकीय नाते असलेले जबलपूर मराठी वाचकांना अपरिचित नाही. 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय नागपूरहून येथेच आले. तोफगाडी कारखाना, खमरिया येथील दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना आणि रेल्वे यांमुळे शहराला औद्योगिक ओळख मिळाली. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी आहे. त्यामुळे कागदावर जबलपूर हा सुस्थितीतील जिल्हा ठरतो.

शहराबाहेर पडले की चित्र बदलते. जिल्ह्यात जबलपूर, पनागर, पाटन, शहपुरा, मझौली, सिहोरा आणि कुंडम असे सात विकासखंड आहेत. पाटन, शहपुरा आणि सिहोरा या पट्ट्यातील काळ्या मातीच्या प्रदेशाला स्थानिक भाषेत ‘हवेली’ म्हणतात. पावसाळ्यात शेताभोवती उंच बांध घालून पाणी अडवायचे, पावसाळा सरताच ते सोडून द्यायचे आणि ओलाव्यावर रब्बीचा गहू, हरभरा घ्यायचा, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पुढे भात, सोयाबीन आणि सिंचनाच्या सोयी आल्या, बर्गी धरणाचे कालवे आले आणि हवेलीची जुनी शेती मागे पडली. आज हा पट्टा हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत जबलपूरने वाटाणाच निवडला आहे.

पूर्वेकडील कुंडम मात्र मंडला आणि डिंडोरी जिल्ह्यांच्या पठाराशी जोडलेले आहे. गोंड समाजाची मोठी वस्ती, हलकी जमीन, पावसावरची शेती, कोदो-कुटकीसारखी भरडधान्ये आणि मोह, तेंदूपाने यांसारख्या वनोपजांचा आधार, असे तेथील जीवन. या पठारावरील माणसे हंगाम आला की मैदानात उतरतात. गव्हाच्या कापणीसाठी चैत्रात येणाऱ्या या मजुरांना महाकोशलात ‘चैतुआ’ असे नावच पडले आहे. कापणीयंत्रे आल्यापासून त्या कामाची मागणी घटली. वाटाण्याच्या शेंगा मात्र अजूनही हातानेच तोडाव्या लागतात. हंगाम संपला की हीच माणसे नागपूरसह मोठ्या शहरांतील बांधकामांकडे वळतात. रोजगार हमीचे काम या मजुरांना वर्षातील उरलेल्या दिवसांत गावात राहू देणारा आधार होते.

शंभरातील दहा रुपये, आता चाळीस

जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार करीत असे. साहित्याच्या खर्चातील तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा आणि एक चतुर्थांश राज्याचा होता. मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 हे प्रमाण धरले, तर प्रशासकीय खर्च वगळता दर 100 रुपयांच्या कामामागे राज्याला सुमारे 10 रुपये द्यावे लागत. नव्या कायद्यात ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता उर्वरित राज्यांसाठी केंद्र व राज्याचा वाटा 60:40 असा ठरला आहे. म्हणजे तेवढ्याच कामासाठी राज्याला 40 रुपये मोजावे लागतील.

एका कुटुंबाच्या पातळीवर हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. 2025-26 साठी मध्य प्रदेशातील हमी मजुरीचा दर दिवसाला 261 रुपये, तर महाराष्ट्राचा 312 रुपये ठरला होता. 261 रुपये दराने 125 दिवसांची मजुरी 32,625 रुपये होते. त्यातील राज्याचा 40 टक्के वाटा 13,050 रुपये. जुन्या व्यवस्थेत या मजुरीपोटी राज्याला काहीच द्यावे लागत नव्हते. देशात हमीखाली काम केलेल्या कुटुंबांना अलीकडच्या वर्षांत सरासरी 50 दिवसांच्या आसपासच काम मिळाले आहे, आणि 50 दिवसांची या दराने होणारी मजुरीही 13,050 रुपयेच आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर एका कुटुंबाला आजवर सरासरीने जेवढी मजुरी मिळत होती, तेवढी रक्कम 125 दिवसांच्या पूर्ण हमीसाठी एकट्या राज्याला आपल्या तिजोरीतून काढावी लागेल.

विधेयकासोबतच्या वित्तीय निवेदनात वर्षाला सुमारे 1 लाख 51 हजार कोटी रुपयांची गरज दाखवली आहे आणि त्यात केंद्राचा वाटा सुमारे 95,692 कोटी आहे. आधीच्या योजनेसाठी 2024-25 आणि 2025-26 या दोन्ही वर्षी केंद्राची तरतूद 86,000 कोटी होती. केंद्र आपला हात आखडता घेत आहे, असे यावरून म्हणता येत नाही. नव्या रचनेत वाढीव दिवसांचा बराचसा भार राज्यांकडे सरकतो, ही वस्तुस्थिती मात्र उरतेच.

याहून महत्त्वाचा बदल निधी ठरवण्याच्या रीतीत आहे. आतापर्यंत मागणी आली की काम आणि काम झाले की पैसा, असा कायद्याचा क्रम होता. व्यवहारात देयके थकत, मजुरी लांबत असे, तरी केंद्राची बांधिलकी कायद्याने खुली होती. आता प्रत्येक राज्यासाठी केंद्र वर्षाच्या आरंभी निकषांवर आधारित रक्कम ठरवणार आहे. त्यापलीकडे झालेला खर्च राज्याचा. मागणीनंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास द्यावा लागणारा बेरोजगारी भत्ताही राज्याच्याच माथी आहे. राज्याच्या वित्त विभागासमोर त्यामुळे एक पेच उभा राहतो : मागणी जितकी अधिक नोंदवली जाईल, तितका राज्याचा भार वाढेल. अशा स्थितीत मागणीची नोंदच कमी व्हावी, असा दबाव खालच्या पातळीवर येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

केंद्राच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवादही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मागणीवर आधारलेल्या पद्धतीत प्रशासन सक्षम असलेली राज्ये पुढे गेली आणि जेथे दारिद्र्य अधिक, तेथे निधी कमी पोहोचला, असे अनेक वर्षे दिसत आले आहे. निकषांवर आधारित वाटप ही विषमता कमी करू शकते. राज्याचा पैसा गुंतला की खोट्या हजेरीपटांवर आणि निकृष्ट कामांवर राज्याची नजर राहील, हाही मुद्दा आहे. मात्र हे दोन्ही लाभ निकष कोणत्या पातळीवर लावले जातात, यावर अवलंबून आहेत.

सरासरीचा सापळा

या प्रश्नाचे उत्तर जबलपूरच्या पूर्वानुभवात आहे. 2006 मध्ये रोजगार हमी पहिल्या टप्प्यात 200 जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा शेजारचे मंडला, डिंडोरी, सिवनी आणि उमरिया त्यात होते. दमोह आणि कटनी दुसऱ्या टप्प्यात आले. जबलपूरला एप्रिल 2008 मधील तिसऱ्या, म्हणजे उर्वरित सर्व जिल्ह्यांच्या टप्प्यापर्यंत थांबावे लागले. मागास क्षेत्र अनुदान निधीचेही तसेच झाले. 2006-07 पासून देशातील 250 जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या या निधीत जबलपूरभोवतीचे बहुतेक जिल्हे होते, जबलपूर नव्हते. 2018 मधील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत दमोह आले, जबलपूर आले नाही.

जिल्ह्याची सरासरी पाहता या निर्णयांत चूक काढता येत नाही. कारखाने, रेल्वे, विद्यापीठे आणि उच्च न्यायालय असलेल्या जिल्ह्याला मागास कोण म्हणणार? तथापि कुंडमच्या गावाची परिस्थिती ओढ्यापलीकडच्या डिंडोरीच्या गावासारखी असताना एका गावाला अनुदान आणि दुसऱ्याला प्रतीक्षा, असा भेद जिल्ह्याच्या सीमारेषेने निर्माण केला. महाराष्ट्रातही हे चित्र ओळखीचे आहे. नाशिकच्या सरासरीत सुरगाणा आणि पेठ, पुण्याच्या सरासरीत आंबेगाव आणि जुन्नरचा आदिवासी पट्टा असाच झाकला जातो.

नव्या कायद्यात पंचायतींची विकासाच्या स्थितीनुसार वर्गवारी करण्याची आणि राज्याला मिळालेला निधी जिल्हे व पंचायतींमध्ये गरजेनुसार वाटण्याची तरतूद आहे. ही तरतूद प्रामाणिकपणे अमलात आली, तर कुंडमसारख्या भागाला प्रथमच आपल्या नावाने निधी मिळू शकतो. वाटप जिल्ह्याच्या लोकसंख्येवर किंवा मागील वर्षांच्या खर्चावर झाले, तर जुनीच कहाणी नव्या नावाने पुढे चालेल.

आराखडा गावाचा, चौकट कोणाची?

मागास क्षेत्र अनुदान निधीचा एक विशेष आज आठवण्याजोगा आहे. त्या निधीत प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला किमान 10 कोटींचा विकास निधी होता आणि त्याखेरीज नियोजनाची क्षमता वाढवण्यासाठी 1 कोटी रुपये वेगळे ठेवले होते. ग्रामसभेपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत आराखडा तयार व्हावा, ही अट होती. योजना आखणे हेही एक काम आहे आणि त्याला माणसे व पैसा लागतो, हे त्यात मान्य केले होते. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्क्यांवर नेल्यानंतर 2015-16 पासून केंद्राने या निधीतून अंग काढून घेतले. नियोजनासाठी राखलेला तो छोटा हिस्साही त्याबरोबर गेला.

सध्या पंचायतींच्या हाती येणारा पैसा मुख्यतः वित्त आयोगाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटींची शिफारस केली. त्यातील 60 टक्के निधी पेयजल व स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेला 40 टक्के अबंधित असला, तरी तो वेतनावर खर्च करता येत नाही. म्हणजे पंचायतीला स्वतःचा नियोजनकार किंवा अभियंता नेमायचा असेल, तर त्यासाठी या पैशाचा उपयोग नाही. 2018 पासून ‘सबकी योजना, सबका विकास’ मोहिमेतून ग्रामपंचायत विकास आराखडे तयार होत आहेत. पण एक सचिव आणि एक रोजगार सहायक यांच्या बळावर चालणाऱ्या पंचायतीत आराखडा अनेकदा मागील वर्षाच्या यादीत भर घालून पूर्ण होतो.

नव्या कायद्याने प्रत्येक पंचायतीसाठी ‘विकसित ग्रामपंचायत आराखडा’ अनिवार्य केला आहे. जलसुरक्षा, मूलभूत ग्रामीण सुविधा, उपजीविकेशी निगडित सुविधा आणि तीव्र हवामानाशी सामना या चार विषयांत कामे बसवावयाची आहेत. हे आराखडे पीएम गतिशक्ती या राष्ट्रीय नियोजन व्यवस्थेशी जोडले जातील. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 6 वरून 9 टक्के झाली आहे, ही स्वागतार्ह बाब. ही वाढीव रक्कम तांत्रिक मनुष्यबळावर खर्च होते की केवळ हजेरी आणि छायाचित्रांच्या देखरेखीवर, यावर आराखड्यांची गुणवत्ता ठरेल.

जबलपूरला या बाबतीत अन्य जिल्ह्यांपेक्षा अनुकूलता आहे. राज्यातील पंचायत प्रतिनिधी व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी महात्मा गांधी राज्य ग्रामविकास व पंचायतराज संस्था शहरातील अधारताल भागात आहे. 1964 मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठही तेथेच आहे. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था याच शहरात आहे. माती, पाणी, जंगल आणि पंचायत या चारही विषयांचे जाणकार कुंडमपासून काही तासांच्या अंतरावर असताना गावाचा आराखडा मात्र सचिवाने एकट्याने भरायचा, ही विसंगती दूर करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नव्हते.

साठ दिवस कोणते?

पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षाला एकूण 60 दिवसांपर्यंत हमीची कामे बंद ठेवण्याची तरतूद हा कायद्यातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे. शेतीला मजूर मिळावेत, हा त्यामागील हेतू. हे दिवस राज्याने आगाऊ जाहीर करायचे आहेत.

जबलपूरमध्ये हे दिवस निवडणे सोपे नाही. भाताची लावणी पावसाळ्यात, वाटाण्याची तोडणी हिवाळ्यात आणि गव्हाची कापणी मार्च-एप्रिलमध्ये. गव्हाची कापणी बव्हंशी यंत्रावर गेल्याने तेथे मजुरांची निकड पूर्वीसारखी नाही. वाटाण्याच्या तोडणीला हात लागतात, पण तेथे मजुरी वजनावर ठरते. गावात 261 रुपयांचे सरकारी काम उपलब्ध असते, तेव्हा तोडणीचा दर त्याखाली पाडणे शेतमालकाला अवघड जाते. तेच काम बंद असेल, तर मजुराची घासाघीस करण्याची ताकद कमी होते. शिवाय घरी म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले असल्याने मैदानात उतरू न शकणाऱ्या कुंडमच्या स्त्रीसाठी हे 60 दिवस दोन्ही बाजूंनी रिकामे जातील.

कायद्याने वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी वेगवेगळे कालावधी जाहीर करण्याची मुभा राज्याला दिली आहे. ती वापरून शहपुरा आणि कुंडम यांच्यासाठी निराळे दिवस ठरले, तर शेतकरी आणि मजूर दोघांचीही सोय होईल. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच अधिसूचना निघाली, तर पठारावरच्या मजुराने मैदानातील पिकाची किंमत चुकवली, असे होईल.

अनुदान आणि टिकणारा रोजगार

हमीचे काम हा शेवटचा आधार असतो. गावात रोजगार निर्माण होतो तो त्या कामातून उभ्या राहिलेल्या मत्तेमुळे. मध्य प्रदेशातील ‘कपिलधारा’ विहिरी हे त्याचे चांगले उदाहरण. अनुसूचित जाती-जमातींच्या व लहान शेतकऱ्यांच्या शेतात हमीच्या निधीतून खोदलेल्या विहिरींनी जेथे पाणी दिले, तेथे दुसरे पीक आले आणि कुटुंबाचे स्थलांतर लांबले.

वाटाण्याच्या बाबतीत अनुदानाची दुसरी वाट उपलब्ध आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांचे कर्जाशी निगडित अनुदान मिळते आणि बचत गटाच्या प्रत्येक सदस्यासाठी 40,000 रुपयांचे बीजभांडवल आहे. परंतु वाटाणा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. गोठवणीचा कारखाना काही आठवडे चालून वर्षभर बंद राहिला, तर कर्ज फिटत नाही. त्यामुळे त्याच यंत्रणेवर वर्षभर कोणते पीक प्रक्रियेला येईल, याचे नियोजन अनुदानाच्या अर्जाआधी व्हायला हवे. रोजगाराचा निधी, पंचायतीचा निधी आणि उद्योगाचे अनुदान आज तीन वेगवेगळ्या खात्यांतून, तीन वेगवेगळ्या वेळापत्रकांनी येते. त्यांची गाठ घालणारा आराखडा हीच खरी उणीव आहे.

बर्गी जलाशयाचा अनुभव याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवतो. जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील 162 गावांना या धरणाची झळ बसली. विस्थापितांच्या दीर्घ संघर्षानंतर 1994 मध्ये त्यांच्या सहकारी संस्थांच्या संघाला जलाशयातील मासेमारीचे हक्क मिळाले. ती व्यवस्था पुढे टिकली नाही. तरीही उपजीविका उभी करण्यासाठी संसाधनावरील हक्क अनुदानाइतकाच मोलाचा असतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

महाराष्ट्राचा धडा

राज्याच्या तिजोरीतून रोजगार हमी चालवण्याचा देशातील सर्वांत जुना अनुभव महाराष्ट्राचा आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकाराला आलेली आणि 1972 च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेली रोजगार हमी योजना 26 जानेवारी 1979 पासून कायद्याच्या रूपाने लागू झाली. तिच्यासाठी राज्याने व्यवसाय कराचे उत्पन्न राखून ठेवले आणि तेवढीच रक्कम स्वतःच्या वतीने स्वतंत्र निधीत घालण्याची व्यवस्था केली. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा तो छोटा कर गावातील मजुराच्या हाताला काम देत होता. अर्थसंकल्प तंग असला, तरी हमीच्या पैशाला हात लावणे अवघड जावे, हा त्यामागील विचार होता.

40 टक्के भार उचलायचा असेल, तर मध्य प्रदेशालाच नव्हे, तर महाराष्ट्रासह प्रत्येक राज्याला असा राखीव स्रोत शोधावा लागेल. अन्यथा हमीची रक्कम दरवर्षी अन्य लोकप्रिय योजनांशी स्पर्धा करीत राहील. त्या स्पर्धेत असंघटित मजुराची बाजू मांडणारे थोडेच असतात.

कसोटीचे मुद्दे

नव्या रचनेचे मूल्यमापन चार गोष्टींवरून करता येईल. राज्य सरकार आपल्या 40 टक्क्यांची तरतूद कोणत्या स्रोतातून आणि वर्षाच्या आरंभीच करते का. निधीचे वाटप पंचायतीची स्थिती पाहून होते की जिल्ह्याची सरासरी पाहून. कामबंदीचे दिवस विकासखंडनिहाय ठरतात का. आणि आराखडे करण्यासाठी पंचायतींना माणसे मिळतात का. सोळाव्या वित्त आयोगाचा 2026-27 ते 2030-31 हा कालावधी याच सुमारास सुरू होत असल्याने पंचायतींचा निधी आणि रोजगाराचा निधी एकत्र विचारात घेण्याची संधीही राज्यांपुढे आहे.

अधारताल हे नाव गोंड राजवटीतील एका तलावावरून आले आहे. राणी दुर्गावतीच्या काळात या परिसरात बांधलेल्या तलावांनी शतकानुशतके पाणी पुरवले. कोणत्या ठिकाणी पाणी थांबेल, हे जमीन ओळखणाऱ्यांनी ठरवले होते, म्हणून ते तलाव टिकले. कुंडमच्या ग्रामसभेत पुढील वर्षाच्या कामांची यादी वाचली जाईल, तेव्हा ती गावाने ठरवलेली असेल आणि तिच्यासाठी पैसा वेळेवर येणार असेल, तरच 125 या आकड्याला अर्थ राहील.